आधी आतल्या शिवणीवर

३ फेब्रुवारी

साबणवाला दरवर्षी डायरी देतो. दरवर्षी मी ती कपाटाच्या पायाखाली घालते, कपाट डुगडुगतं म्हणून. ह्या वर्षी लिहायला घेतली. शाळा माझी चौथीतच सुटली, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये. दवाखान्यातली माणसं आज एक बोलतात, उद्या दुसरं. लिहिलेलं असलं म्हणजे तोंडावर फेकता येतं.

झालं असं की बारकी पडली. बारकी म्हणजे माझी एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा मूठभर होती, आता बावीस वर्षांची घोडी झाली तरी नाव तेच. आमची लाँड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, ऑफिसवाल्यांचे कोट, पडदे. डाग काढणं माझ्याकडे, इस्त्री कामाला येणाऱ्या काकूंकडे, काउंटर बारकीकडे, आणि गाडीतून माल पोचवणं बारकीच्या बापाकडे. सकाळपासून पोरीने ओल्या चादरींचे गठ्ठे उचलले, तेव्हा काही नाही. काम संपलं, गठ्ठ्यावर बसली, चहाचा कप हातात घेतला आणि कलंडली. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. मी थोबाडीत मारली, काकूंनी पाणी मारलं. शुद्धीवर आली तर म्हणते, "आई, चादरींवर सांडला का गं चहा?"

काम करताना पडली असती तर समजलं असतं. बसल्यावर कोण पडतं?

हे उभ्यानेच लिहिते आहे, काउंटरवर वही ठेवून. बसून लिहायची मला सवय नाही. बसलं की माझ्या छातीत पाखरू फडफडतं, उठून चार पावलं टाकली की गप्प. माझ्या आईलाही तसंच व्हायचं. कामाच्या बायकांना बसवत नाही, एवढंच त्याचं.

७ फेब्रुवारी

बारकीला मोठ्या दवाखान्यात ठेवलंय. हृदयाची डॉक्टर म्हणजे कालची पोरगी. पांढऱ्या कोटाच्या डाव्या बाहीला शाईचा डाग, जुना, कुणीतरी गरम पाण्यात घालून पक्का करून ठेवलेला. जिला स्वतःच्या बाहीवरचं दिसत नाही ती माझ्या लेकीच्या छातीतलं काय बघणार?

ती म्हणाली, ठोक्यांची गडबड आहे, फार थोड्या लोकांना असते, रक्तातून येते. आईकडून नाहीतर वडिलांकडून. मी लगेच ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा एक काका हार्टनेच गेला.

"शहाऐंशीव्या वर्षी गेला गं तो," हे म्हणाले.

"गेला ना पण?"

मग डॉक्टर मला विचारते, "तुमच्या माहेरी कुणी अचानक गेलं का, ताई?"

"नाही."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "अगं, तुझी आई?"

आई अचानक गेली नाही. लाँड्री मूळची तिची. त्या दुपारी काम उरकलं, काउंटरमागच्या खुर्चीत टेकली आणि गेली. बटण लावायला घेतलेली सुई हातात तशीच. जो तो म्हणाला, काय सुखाचं मरण, कुणाला करायला लावलं नाही. ते काय आजाराचं मरण झालं? आणि आईला मी दवाखान्याच्या कागदावर कशाला चढवू? खुर्ची अजून तिथंच आहे. लोक विसरून जातात ते कपडे मी तिच्यावर रचून ठेवते.

आम्हा दोघांच्याही छातीला तारा लावून ठोक्यांच्या पट्ट्या काढायच्या म्हणे. ह्यांनी लगेच सदऱ्याची बटणं सोडली. मी म्हटलं, माझा माल पडलाय, आणि निघाले. आजारी ती आणि तपासणार मला. आजारी माणूस एक आला की अख्खं घर धरायचं, ही दवाखान्याची रीत.

१० फेब्रुवारी

बारकी घरी आली. तिथं आधी दिलेल्या गोळीने ठोके भलतेच मंदावले, पोरगी धुऊन पिळून काढल्यासारखी झाली, म्हणून ती बंद करून दुसरी लिहून दिली. मी चिठ्ठी घेऊन औषधवाल्याकडे गेले. त्याने चिठ्ठी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"कोण उदास आहे घरात?"

"उदास? कुणीच नाही. हृदयाची गोळी आहे ही."

"हृदयाची नाही हो. ही डिप्रेशनची. माझ्या दुकानातून कितीतरी माणसं नेतात. रडू येतं, झोप नाही, जीव नकोसा होतो, त्यांची."

मागे दोन बायका उभ्या होत्या. दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मीच आता रस्त्यात बसून रडणार आहे. गोळ्या पदराआड घेऊन आले.

म्हणजे डॉक्टरला पोरगी वेडी वाटते. पडण्याचं सोंग करते असं वाटतं. आणि तोंडाने म्हणते हृदय, हृदय.

११ फेब्रुवारी

सकाळीच जाऊन डॉक्टरला धरलं. कोट तोच, डाग तोच.

"माझी लेक वेडी आहे का? तसं सांगा. मी ऐकून घेईन."

"नाही हो ताई. उदासीचा आजार म्हणजे वेड नाही, आणि बारकीला तोही नाही." मग तिने कागदावर गोल काढला, त्याला बारीक बारीक फटी काढल्या. हृदयाच्या कणाकणाला दारं असतात म्हणे. ठोका पडला की उघडतात आणि मिटतात. बारकीची नीट मिटत नाहीत, फटीतून गळत राहतं, त्याने भलत्या वेळी भलते ठोके पडतात. ही गोळी बनवली डोक्यासाठी, पण ती त्या दारांनाही अडसर घालते, असं पुढे लक्षात आलं. "असे रुग्ण इतके थोडे की त्यांच्यासाठी वेगळी गोळी कुणी बनवत बसत नाही. जी आहे त्यातली बघावी लागते."

"म्हणजे माझ्या पोरीवर करून बघताय."

"करून बघतोय, पण डोळे उघडे ठेवून. दर महिन्याला यंत्र लावून बघणार आहोत."

"डोळे माझेही उघडे आहेत."

घरी येऊन खोक्यातला कागद ह्यांना वाचायला दिला. इतकं बारीक छापलंय की चष्म्यालाही चष्मा लागेल. त्यात स्वच्छ लिहिलंय, हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना सांगा, ठोके बिघडू शकतात.

"डॉक्टरनेच दिलीय," हे म्हणाले. "तिला काय सांगायचं?"

ह्या माणसाला कुणी खड्डा दाखवून पलंग म्हटलं तरी हा उशी घेऊन जाईल. ज्या गोळीने ठोके बिघडतात, तीच ठोके सुधारायला? ब्लीचने डाग जातो तसं कापडही जातं, हे मी रोज बघते.

१३ फेब्रुवारी

कुठेतरी पाणी मुरतंय. बारकी आणि तिचा बाप आत कुजबुजत होते. मी गेले तर गप्प. हे उगाच म्हणाले, "आज हवा बरी आहे नाही?"

नंतर पोरीला एकटीला गाठलं.

"कुणी सोडून गेलं का तुला?"

"कोण सोडून जाणार?"

"मला काय माहीत? तोंड पाडून मोबाइलवर काय लिहीत असतेस मग? मनात आहे ते बोलून टाक. डॉक्टरांना कळलंय, आईलाच कळत नाही."

"आई, मी उदास नाहीये. मला हृदयाचं आहे."

"उदास माणसं असंच म्हणतात."

"किती उदास माणसं बघितलीस तू?" म्हणाली आणि हसायला लागली. मग एकदम गंभीर होऊन म्हणते, "आई, तूपण एकदा पट्टी काढून घे ना. माझ्यासाठी."

"विषय बदलू नकोस."

काकू इस्त्री बाजूला ठेवून बघत होत्या. "पोर एवढं म्हणतेय तर जा ना दवाखान्यात. तिथं निदान थोडा वेळ आडवी होशील. आठ वर्षं बघतेय, तुझ्या बुडाखाली निखारे आहेत का गं?"

काकूंना म्हटलं, तुमची इस्त्री जळतेय. जळत नव्हती.

१५ फेब्रुवारी

ठरवलं.

आमच्या धंद्यात नवं औषध आलं की ते थेट डागावर कुणी ओतत नाही. कोट उलटा करायचा, आतली शिवण शोधायची, तिथं एक थेंब टाकायचा आणि थांबायचं. रंग सुटतोय का, कापड विरतंय का, बघायचं. बिघडलं तर आतल्या आत, कुणाला दिसत नाही. आणि थेंब त्याच कपड्यावर टाकायचा, दुसऱ्यावर टाकून उपयोग नाही. आईने मला सगळ्यात आधी शिकवलं ते हे.

बारकीचं कापड कुठलं? माझंच. रंग माझा, हाडं माझी, जीभही माझीच. तेव्हा आतली शिवण मी.

चार दिवस तिच्या पोटात गेली ती गेली, उद्यापासून तिची गोळी मी खाणार. बारकीची गोळीही कॅप्सूलच, आणि काकू ताकदीच्या कॅप्सूल घेतात त्या दिसायला हुबेहूब तशाच. त्यातली रोज एक बारकीच्या बशीत. गोळ्यांचं पाकीट माझ्याच ॲप्रनच्या खिशात असतं, सकाळी दुधाबरोबर मीच देते, वर "आ कर, जीभ वर कर" म्हणून तपासते. तिला काय कळणार? पंधरा दिवस बघीन. मी भ्रमिष्ट झाले नाही, रंग सुटला नाही, तर मग तिला.

आईचं काम आहे हे. डॉक्टरने आधी स्वतः खाऊन बघितली होती का? नाही ना?

१८ फेब्रुवारी

तोंड कोरडं. मळमळतंय. जेवण बघवत नाही. बरं झालं पोरीला दिली नाही.

२० फेब्रुवारी

मळमळ कमी. भ्रमिष्टपणा अजून नाही. काकूंना विचारलं, मी कशी वाटते? म्हणाल्या, "नेहमीसारखी. का? सुधारणार होतीस?"

२६ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. हॉटेलवाल्याने दारूचे डाग पडलेले पडदे पाठवलेत. माणसं पडद्याला दारू पाजतात काय?

बारकी थोडी फिकट वाटते. विचारलं तर म्हणाली, "तुझी गोळी घेतेय ना, बरं वाटेल." तुझी गोळी म्हणाली. माझा हात खिशाकडे गेला. पण तसं नव्हतं, माझ्या हातची, असं तिला म्हणायचं होतं.

२ मार्च

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. संध्याकाळी मटार सोलायला घेतले. मी मटार ओट्याशी उभ्याने सोलते, येरझाऱ्या घालत, त्यामुळे घरभर दाणे. आज टोपली घेऊन जमिनीवर बसले. सोलून झाले. सालं कागदात बांधली. तरी बसलेलीच.

हे दारात येऊन उभे राहिले. "काय झालं?"

"कुठं काय?"

"बसलीयेस."

"मग? बसू नको?"

"बस की. बस, बस." आणि मागच्या पावली जाऊन बारकीला बोलावून आणलं. दोघं दारात उभी राहून माझ्याकडे बघतायत, घरात हरीण शिरल्यासारखी. मग पुन्हा आत कुजबुज. ह्यांचं काय चाललंय ते मी शोधून काढणार आहे.

पाखरू आलं नाही. चहा कमी केलाय, त्याने असेल.

५ मार्च

हे बसून लिहिते आहे. काउंटरच्या स्टुलावर. पाखरू नाही.

आणि हेच मला आवडलेलं नाही.

नीट विचार केला. मी अशी बाई नाही. मला बसवत नाही, धीर धरवत नाही, गिऱ्हाईकाने दोनदा तेच विचारलं की डोकं फिरतं. काल एक बाई त्याच कोटाचं तीनदा विचारून गेली आणि मी तिला तीनदा उत्तर दिलं. ही मी नव्हे. ही गोळी आहे. औषधवाला खरंच बोलला, ही डोक्याचीच. माणसाला गार करून एका जागी बसवून ठेवते, आणि बसलेलं माणूस बरं वाटतंय म्हणतं. म्हणजे रंग सुटला. थेंब टाकला तिथं कापडाचा रंग बदलला.

मला बसवलं, तर बावीस वर्षांच्या पोरीला आडवंच पाडेल. बारकीला देणार नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे जायचंय तेव्हा सांगीन, तुमची गोळी पकडली मी.

एक मात्र खरं लिहिते. गोळी तिला देणार नाही असं ठरवलं, पण मी खायची बंद केली नाही. का, ते विचारू नये.

११ मार्च

बारकी पुन्हा पडली. काउंटरमागे, स्टुलावर बसून पावती लिहीत होती. ह्या वेळी थोबाडीत मारून उठली नाही. ओठ निळे. काकू छातीवर दाबत होत्या, त्यांना कुठून येतं कुणास ठाऊक, मी नुसती तिचं नाव घेत होते. बारकी नाही, खरं नाव. कितीतरी वर्षांत ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात तिला यंत्राने झटका दिला. आता शुद्धीवर आहे. मला आत सोडत नाहीत.

१२ मार्च

डॉक्टर बाहेर आली. रात्रभर जागलेली दिसत होती. ह्यांना म्हणाली, "गोळीचा काडीचाही उपयोग झालेला नाही. यंत्राच्या पट्टीवर पहिल्या दिवशी होतं तेच आहे, किंबहुना वाईट. मला वाटलं होतं हिला लागू पडेल. आता थांबता येणार नाही. छातीत एक यंत्र बसवू, ठोके थांबले तर आतून झटका देणारं. शुक्रवारी. आणि ही गोळी बंद."

हे भिंतीला टेकले. माझ्या ॲप्रनच्या खिशात गोळ्यांचं पाकीट होतं. हात त्याच्यावरच होता.

तरी मी बोलले नाही. खरं लिहायचं तर, माझ्या मनात आलं, बरं झालं, गोळी बंदच होतेय, कुणाला कळायला नको.

मग आत सोडलं. बारकी उशीला टेकून होती, छातीवर तारा. डॉक्टर तिला विचारत होती, नेमकं काय होतं, कसं सुरू होतं. आणि माझ्या लक्षात आलं, हे मी तिला एकदाही विचारलेलं नाही. कोण सोडून गेलं ते विचारलं.

बारकी म्हणाली, "बसलं की सुरू होतं. छातीत काहीतरी उड्या मारतं. उठून चालायला लागलं, काम केलं, की थांबतं. म्हणून मी बसतच नाही सहसा. आईसारखी फिरत राहते."

आईसारखी.

डॉक्टरने पेन थांबवलं. माझ्याकडे बघितलं. बारकीने बघितलं. ह्यांनी तर आधीपासूनच बघायला सुरुवात केली होती.

मी खिशातून पाकीट काढून पलंगावर टाकलं.

"ही लागू पडते," मी म्हटलं. "यंत्र बसवू नका. लागू पडते ही."

"पट्टी तसं म्हणत नाही, ताई."

"पट्टी हिची आहे. गोळी मी खाल्लीय."

मग माझं तोंड सुटलं. आतली शिवण, काकूंच्या ताकदीच्या गोळ्या, मटार, स्टूल, सगळं. माफी वगैरे मागितली नाही, भांडल्यासारखंच सांगितलं. मला दुसऱ्या तऱ्हेने बोलता येत नाही.

"तू माझं औषध खाल्लंस?" बारकी म्हणाली. "आणि रोज माझी जीभ तपासत होतीस?"

डॉक्टर चिडली. ही पोरगी चिडली की बरी दिसते, तोवर मला वाटत होतं हिला रक्तच नाही. "जीव गेला असता हिचा! आणि तुमचाही. तपासल्याशिवाय असलं औषध घेतलंत, तुमचं हृदय उलट बिघडलं असतं तर? एका घरातून दोन देह काढावे लागले असते." मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि हळू विचारलं, "घेतल्यावर काय फरक पडला तुम्हाला?"

"बसता येतं," मी म्हटलं.

"आधी?"

"आधी पाखरू फडफडायचं."

"कधीपासून?"

"असेल बारकीएवढी होते तेव्हापासून."

"आणि तुमच्या आईला?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं हे सांगून टाकतील. ह्यांनी सांगितलं नाही. खाली बघत उभे राहिले.

"आई खुर्चीत बसल्या बसल्या गेली," मी म्हटलं. "मी बाजूलाच इस्त्री करत होते. मला वाटलं डोळा लागला. मी तिला उठवलं नाही, म्हटलं आज बसलीय तर बसू दे."

१४ मार्च

यंत्र शुक्रवारी बसवलं नाही. बारकीला दवाखान्यातच ठेवून, तारा लावून, खरी गोळी सुरू केलीय. नर्स स्वतः तोंडात घालते, मी दाराबाहेर. डॉक्टर म्हणाली, लागू पडली तर उत्तम, नाहीतर यंत्र आहेच, आणि तेव्हा माझं ऐकायचं.

माझीही पट्टी काढली. सरळ आली. मी म्हटलं, बघा, काही नाही मला. डॉक्टर म्हणाली, "गोळी पोटात आहे म्हणून सरळ. रक्त पाठवलंय, ते सांगेल."

बारकी माझ्याशी बोलत नाही. तिच्यासाठी सूप नेलं तर भिंतीकडे तोंड केलं आणि नर्सला म्हणाली, "आधी तिला प्यायला सांगा."

मी प्याले. सगळंच.

१७ मार्च

कुजबुज काय होती ते कळलं. हे आपणहून बोलले, गाडी चालवताना, म्हणजे माझ्याकडे बघावं लागू नये. पहिल्याच दिवशी बारकीने ह्यांना सांगितलं होतं, बाबा, हे आईचंच आहे, तिला तपासायला कसं न्यायचं? मोबाइलवर लिहीत होती ते डॉक्टरला, माझी आई बसत नाही म्हणून. आणि मी मटार सोलत बसले त्या संध्याकाळी दोघं घाबरली होती, मला काहीतरी होतंय म्हणून.

"मग सांगायचं ना तोंडावर!"

"सांगितलं की. पोरीने सांगितलं, काकूंनी सांगितलं, डॉक्टरने सांगितलं." गिअर बदलला. "तू म्हणालीस, विषय बदलू नकोस."

एवढं बोलणारा नवरा मी केला नव्हता.

२९ मार्च

रक्ताचं आलं. बारकीचं आहे तेच माझं आहे, त्याच जागी. डॉक्टर म्हणाली, आईकडून तुम्हाला, तुमच्याकडून हिला. मी म्हटलं, आईचं रक्त तर तुम्ही बघितलं नाही. ती म्हणाली, "नाही बघितलं. तुम्ही बघितलंय आईला."

बारकीच्या पट्टीवरचे भलते ठोके पुष्कळ कमी झालेत. सगळे गेले नाहीत. डॉक्टर हसत नाही अजून, आणि ते मला बरं वाटतं. लवकर हसणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास नाही. सहा महिने बघणार, दर पंधरवड्याला यंत्र, दोघींना. माझी गोळी आता चिठ्ठीवर लिहिलेली आहे, माझ्या नावाने.

निघताना मी म्हटलं, "कोट द्या तो."

"कुठला?"

"अंगातला. डाव्या बाहीला शाई आहे. बघवत नाही मला."

तिने बाही वळवून बघितली. खरंच माहीत नव्हतं तिला.

८ एप्रिल

बारकी घरी आली, आल्या आल्या गोळ्यांचा ताबा घेतला. दोन्ही पाकिटं तिच्या खिशात. सकाळी दोन बशा मांडते. आधी स्वतःची घेते, मग माझ्यासमोर उभी राहते.

"आ कर. जीभ वर कर. गालात? दुसऱ्या गालात?"

काकू इस्त्रीवरून म्हणतात, "कानातही बघ गं, तिचा भरवसा नाही."

माझ्याशी हल्ली एवढंच बोलते. पण रोज बोलते.

१९ एप्रिल

डॉक्टरचा कोट आणला. नवं औषध आधी आतल्या शिवणीवर टाकून बघितलं. कापड टिकलं. मग बाहीवर. डाग अर्धा गेला, अर्धा राहील. गरम पाण्यात घातला की शाई बसते, ते कुणीतरी आधीच करून ठेवलंय. राहू दे.

दुपारी काम उरकलं. काकू घरी गेल्या. हे माल घेऊन गेलेले. बारकी काउंटरवर. मी खुर्चीवरचे कपडे उचलले. कुणाचा कोट, कुणाच्या मुलाची पँट, ते मूल आता बाप झालं असेल. सगळे टेबलावर ठेवले, खुर्ची पुसली आणि बसले.

बारकीने मान वळवली. हातातलं काम ठेवून, स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली आणि माझं मनगट धरलं. प्रेमाने नव्हे, नर्सने शिकवलंय तसं, दोन बोटं नाडीवर. मी पण तिचं धरलं. अशा बसलो दोघी, एकमेकींना पकडून ठेवल्यासारख्या.

पाखरू आलं नाही. मी कान देऊन होते.

ह्या खुर्चीतून रस्ता दिसतो. मला माहीतच नव्हतं. काउंटरच्या फळीखालून, गिऱ्हाईक उभं राहतं तिथली फट आहे, तिच्यातून येणारी जाणारी माणसं दिसतात, गुडघ्यापासून खाली. पँटींच्या कडा, सगळ्या आमच्या हातून गेलेल्या. म्हणजे आईला शेवटी हे दिसलं असेल.

"आई, किती वेळ बसायचंय?" बारकीने विचारलं.

"बसू दे," मी म्हटलं.

उद्या पुन्हा बसून बघीन. एकदा बसून माझा विश्वास बसत नाही.